अपडेटनंतर बॅटरीचा आकडा भरकटला: हातातल्या गेमिंग संगणकाचे फर्मवेअर आणि कॅलिब्रेशन

सह्यकडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हातात धरून खेळायचा एक गेमिंग संगणक आहे, म्हणजे स्टीम डेक, आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो यांच्या जातकुळीतला. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण थोडे वाचन केल्यावर असे दिसले की हाच प्रकार थोड्याफार फरकाने अनेक यंत्रांवर होतो आणि मला एका कंपनीला धारेवर धरण्यापेक्षा कारण समजून घेण्यात अधिक रस आहे.

यंत्र तीन-एक वर्षांचे आहे. त्यातला बराच काळ ते डॉकमध्ये (टीव्ही आणि चार्जर एकत्र जोडून देणाऱ्या स्टँडमध्ये), टीव्हीला जोडलेले आणि चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवलेले असे गेले. गेल्या महिन्यात प्रणालीचे एक मोठे अपडेट आले, ज्यात बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीचे) आणि एम्बेडेड कंट्रोलरचे (वीज, बॅटरी सांभाळणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपचे) फर्मवेअरही, म्हणजे चिपमध्येच लिहिलेली आज्ञावलीही, होते. अपडेट नीट पार पडले, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि त्याआधी ६४ टक्के दाखवणारी बॅटरी ४१ टक्क्यांवर आली. तेव्हापासून आकड्याचा काही भरवसा उरलेला नाही. जड खेळ चालू असताना २२ टक्क्यांवर पडदा एकदम काळा होतो, ना सूचना ना काही. उलट एखादा जुना द्विमितीय खेळ लावला तर ३ टक्क्यांवर यंत्र अर्धा तास रेटत राहते. सेवा केंद्राने फॅक्टरी रीसेट करून पाहण्यास सांगितले, ते करून झाले, फरक शून्य.

माझे प्रश्न असे आहेत. अपडेटने बॅटरीचे नुकसान केले असे म्हणता येईल का? जुने फर्मवेअर परत घालता येते का आणि त्याचा उपयोग होईल का? कॅलिब्रेशनच्या, म्हणजे दिसणारा आकडा खऱ्या स्थितीशी पुन्हा जुळवण्याच्या, नावाखाली जे निरनिराळे विधी सांगितले जातात, त्यांपैकी कोणता खरोखर अर्थपूर्ण आहे? आणि पुढचे अपडेट येऊन थांबलेले आहे, ते घ्यावे की न घ्यावे?

पेंग्विनप्रेमी

कोणताही उपाय करण्याआधी टक्केवारी बाजूला ठेवून मूळ आकडे पाहावेत. टक्केवारी हा भागाकार आहे. अंश आणि छेद दोन्ही ठाऊक नसतील, तर चूक कोठे आहे हे सांगता येत नाही.

यंत्रावर विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टवरून ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेचा बॅटरी अहवाल काढा. त्यात डिझाइन कपॅसिटी (मूळ क्षमता), फुल चार्ज कपॅसिटी (पूर्ण भरल्यावरची सध्याची क्षमता) आणि बहुतेक वेळा सायकल काउंट (चार्जच्या फेऱ्यांची संख्या) मिळतो. स्टीमओएस किंवा अन्य लिनक्स असेल तर डेस्कटॉप मोडमध्ये ‘यूपॉवर’ हीच माहिती देते. कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) फायलींत थेट पाहिल्यास आकडे मायक्रोवॉट-तासांत किंवा मायक्रोअँपिअर-तासांत असतात, त्यामुळे ४,००,००,००० असे दिसले तर दचकू नका, ते ४० वॉट-तास आहेत. त्याखेरीज आत्ताचे व्होल्टेज पाहा: एकदा यंत्र निवांत असताना आणि एकदा जड खेळ चालू असताना. ही दोन व्होल्टेज येथे दिलीत तर निम्मे निदान होऊन जाईल.

सह्यकडा (धागाकर्ता)

तत्पर उत्तरासाठी आभारी आहे. आकडे असे: मूळ क्षमता ४० वॉट-तास, पूर्ण चार्ज झाल्यावरची सध्याची क्षमता ३४.६ वॉट-तास. यंत्र ३० टक्के दाखवत असताना निवांत व्होल्टेज ७.३ आणि जड खेळात ६.६ च्या आसपास. पॅकमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. अपडेटपूर्वी हे आकडे कधी पाहिले नव्हते, त्यामुळे तुलनेला काही नाही.

मिलीओहम

इलेक्ट्रॉनिक्स हा माझा पोटापाण्याचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

बॅटरीत किती ऊर्जा उरली आहे हे मोजण्याचे थेट साधन अस्तित्वात नाही. विंडोज किंवा लिनक्सही ते मोजत नाहीत. ती एम्बेडेड कंट्रोलरला विचारतात, आणि तो बहुतेक यंत्रांत पॅकमधल्या किंवा मदरबोर्डवरच्या गेज नावाच्या चिपला विचारतो. म्हणूनच फॅक्टरी रीसेटने फरक पडला नाही. बॅटरीचा ड्रायव्हर काढून पुन्हा घालणे हाही त्याच कारणाने पोकळ उपाय आहे. अँड्रॉइड फोनांच्या काळात आकडेवारीची एक फाइल पुसली की बॅटरी कॅलिब्रेट होते अशी समजूत पसरली होती. त्या फाइलीचा टक्केवारीशी काही संबंध नसल्याचे अँड्रॉइडवर काम करणाऱ्या अभियंत्यांनाच सांगावे लागले, तरी ती समजूत अजून पुरती गेलेली नाही.

गेजपुढे दोन मार्ग असतात. पहिला, व्होल्टेजवरून अंदाज करणे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्टला आणि रिकामा झाल्यावर ३ व्होल्टच्या आसपास असतो, पण मधला उतार फार सपाट आहे: निम्म्याहून अधिक क्षमता ३.६ ते ३.९ व्होल्टच्या अरुंद पट्ट्यात संपते. तेथे व्होल्टेजमध्ये थोडीशी चूक झाली की टक्केवारीत मोठी चूक होते, आणि प्रवाह चालू असताना तर व्होल्टेज तसेही खाली वाकलेले असते. दुसरा मार्ग म्हणजे आत किती प्रवाह गेला आणि बाहेर किती आला याची सतत बेरीज-वजाबाकी ठेवणे. किराणा दुकानदार आवक-जावक लिहून माल किती उरला ते सांगतो, तसेच हे आहे; नोंदी कितीही चोख असल्या तरी अधूनमधून फडताळे उघडून माल मोजावाच लागतो, नाहीतर वही आणि वास्तव यांत अंतर पडत जाते.

हे अंतर किती पडते याचा हिशेब करून पाहू. प्रवाह मोजण्यासाठी वाटेत एक अगदी लहान रोध ठेवलेला असतो, समजा १० मिलीओहमचा. ३ अँपिअर प्रवाहाला त्यावर ३० मिलीव्होल्ट मिळतात, ते सहज मोजता येतात. पण मोजणाऱ्या सर्किटमध्ये केवळ १० मायक्रोव्होल्टची कायमची चूक असेल, तर ती १ मिलिअँपिअरच्या खोट्या प्रवाहाइतकी होते. २४ तासांत २४ मिलिअँपिअर-तास, महिनाभरात ७२०. साधारण ५,२०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकमध्ये हे सुमारे १४ टक्के झाले. चांगली गेज ही चूक स्वतःहून बरीच कमी करतात, पण पूर्णपणे नाही.

माल मोजण्याची संधी गेजला कधी मिळते? बॅटरी पूर्ण भरून चार्जिंगचा प्रवाह ओसरतो तेव्हा, ती जवळजवळ रिकामी होते तेव्हा, आणि बराच वेळ कसलाही भार नसताना व्होल्टेज स्थिरावते तेव्हा. आता तुमच्या वापराकडे पाहा. ८० टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे पूर्ण भरण्याचा क्षण कधी आला नाही, डॉकमध्ये असल्यामुळे रिकामे होण्याचा आला नाही, आणि यंत्र सदैव चालू किंवा स्लीपमध्ये असल्यामुळे खरी विश्रांतीही मिळाली नाही. मर्यादा लावणे योग्यच होते, सेलचे आयुष्य तिने वाढते. मात्र गेज मधल्या काळात निव्वळ वहीवर चालत होते.

अपडेटच्या वेळी काय झाले असावे, हे आता सांगता येईल. एम्बेडेड कंट्रोलरचे फर्मवेअर बदलले की तो नव्याने सुरू होतो. ज्या यंत्रांत हिशेब त्याच्याकडेच असतो किंवा ज्या गेजची शिकलेली माहिती केवळ तात्पुरत्या स्मृतीत असते, तेथे जुनी वही मिटते आणि त्या क्षणाच्या व्होल्टेजवरून नवा अंदाज बांधला जातो. अपडेट चालू असताना यंत्र निवांत नसते, म्हणजे हा अंदाजही भाराखालच्या व्होल्टेजवरून झालेला आणि म्हणून खालच्या बाजूला झुकलेला. ६४ हा आकडा खोटा होता आणि ४१ हाही बहुधा खोटाच होता. अपडेटने बॅटरी खाल्ली नाही. महिनोन्‌महिने साचलेली चूक एका रात्रीत उघडी पाडली.

जुनाजाणता

एवढ्या सिद्धान्ताची गरज नाही असे मला नम्रपणे वाटते. आम्ही कॅमकॉर्डर आणि पहिले लॅपटॉप वापरत होतो तेव्हापासूनचा अनुभव आहे की बॅटरी लागोपाठ तीन वेळा पूर्ण रिकामी करून पूर्ण भरली की ती ताळ्यावर येते. यंत्र बंद पडले तरी पुन्हा बायोसच्या पडद्यावर सुरू करून शेवटचा थेंब संपेपर्यंत ठेवावे. दर महिन्याला हे केले तर असले प्रश्नच उद्भवत नाहीत.

मिलीओहम

जुनाजाणता काका, तुमचा अनुभव त्या काळातल्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या बाबतीत रास्त आहे. तिला अर्धवट वापराची ‘सवय’ लागण्याचा दोष होता आणि पूर्ण उतरवणे हा त्यावरचा उपचार होता. लिथियम-आयनला तो दोष नाही. तिच्या बाबतीत प्रत्येक पूर्ण उतार म्हणजे आयुष्यातून थोडीशी वजावट.

बायोसच्या पडद्यावर शेवटचा थेंब काढण्याच्या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. सेलचे व्होल्टेज २.५ च्या बरेच खाली गेले तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना तेच तांबे नको तेथे जमून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका निर्माण होतो. संरक्षक सर्किट बहुतेक वेळा त्याआधी पुरवठा तोडते, पण त्या मर्यादेला मुद्दाम धडका देण्यात शहाणपणा नाही. आणि गेजला त्यातून काही अधिक कळत नाही. त्याला विश्रांतीतले व्होल्टेज हवे असते.

तीन फेऱ्यांचीही गरज नाही. एक नीट केलेली फेरी पुरते, आणि ‘नीट’ म्हणजे काय ते असे. ८० टक्क्यांची मर्यादा काढून बॅटरी १०० टक्के भरावी आणि आकडा १०० झाल्यावरही चार्जर लगेच काढू नये, कारण शेवटी प्रवाह ओसरत जाण्याची पायरी हीच गेजसाठी खूण असते. मग चार्जर काढून यंत्र पूर्ण बंद करून दोन-तीन तास ठेवावे. स्लीप चालणार नाही, कारण स्लीपमध्ये भार सुरूच असतो. त्यानंतर मध्यम आणि एकसारख्या भाराने, उदाहरणार्थ व्हिडिओ लावून किंवा प्रोसेसरची वीजमर्यादा ७-८ वॉटवर आणून एखादा साधा खेळ खेळून, यंत्र आपणहून बंद होईपर्यंत उतरवावे. विंडोजवर गंभीर पातळी ५ टक्क्यांच्या जवळ ठेवून तेथे हायबरनेट (चालू काम साठवून पूर्ण बंद होणे) निवडलेले असावे. बंद झाल्यावर पुन्हा चार-पाच तास तसेच ठेवावे. उतरल्यानंतर व्होल्टेज स्थिरावायला भरल्यानंतरपेक्षा अधिक वेळ लागतो. शेवटी न थांबता, यंत्र बंद ठेवूनच, पूर्ण चार्ज करावे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप बनवणाऱ्या कंपनीची गेज एकूण क्षमता ज्या पद्धतीने शिकतात, तिच्यात दोन विश्रांत व्होल्टेज आणि त्यांच्यामध्ये गेलेला पुरेसा चार्ज या तिन्ही गोष्टी लागतात. लोक उतरवण्याचा आणि भरण्याचा सोपस्कार मन लावून करतात आणि मधली विश्रांती गाळतात, मग दहा फेऱ्या करूनही आकडा जागचा हलत नाही.

जुनाजाणता

विश्रांतीचा मुद्दा पटला. दर महिन्याला करू नये हेही मान्य करतो. मात्र वर्षातून दोन-तीनदा करण्यास हरकत नसावी.

मिलीओहम

अजिबात नाही. कायम डॉकमध्ये असणाऱ्या यंत्राला तेवढे हवेच.

सोल्डरगन

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडजवळ दुरुस्तीचे काम करतो. गेजविषयी वर जे लिहिले आहे ते योग्यच आहे, पण धागाकर्त्यांच्या तक्रारीत दोन वेगळे दोष मिसळलेले दिसतात आणि ते वेगळे करणे आवश्यक आहे. हलक्या खेळात ३ टक्क्यांवर अर्धा तास चालणे हा हिशेबाचा दोष. जड खेळात २२ टक्क्यांवर सूचना न देता काळे होणे हा बहुधा सेलचा दोष, आणि तो कोणत्याही कॅलिब्रेशनने जात नाही.

सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. पॅकचे निवांत व्होल्टेज ७ असताना यंत्राने २५ वॉट मागितले तर सुमारे ३.६ अँपिअर प्रवाह लागतो. पॅकचा रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज ०.३६ ने खाली येते आणि काही बिघडत नाही. तोच ०.३ ओहम झाला असेल तर घट १.१ व्होल्टच्या जवळ जाते, म्हणजे हाती उरतात ५.९ व्होल्ट, प्रत्येक सेलला ३ पेक्षा कमी. तेथे संरक्षण पुरवठा तोडते. बॅटरीत ऊर्जा असते, पण ती तितक्या वेगाने देण्याची ताकद नसते. त्याच पॅकवर ८ वॉटचा खेळ चालवला तर घट जेमतेम ०.३५ व्होल्टची होते आणि यंत्र खुशाल चालते.

तुमचे आकडे पाहा: निवांत ७.३, भाराखाली ६.६. जड खेळात यंत्र २५ वॉटच्या आसपास घेत असेल, तर रोध साधारण ०.२ ओहमच्या घरात येतो. टाकाऊ नाही, पण तरुणही नाही. बॅटरी जितकी खाली जाईल तितका हा रोध आणखी वाढतो, हेही ध्यानात घ्या.

माझ्या टेबलावर येणाऱ्या यंत्रांत मी सर्वांत आधी मागचे झाकण सपाट टेबलावर ठेवून बघतो. झाकण मधोमध किंचित उचललेले, शिवणीत नख जाईल एवढी फट, ट्रॅकपॅड किंवा एखादे बटण दाबताना पूर्वीपेक्षा घट्ट लागणे, यांपैकी काहीही आढळले तर कॅलिब्रेशन, अपडेट, सर्व थांबवा. बॅटरी फुगलेली आहे. तिला शंभर टक्के भरून आणि उतरवून परीक्षा घेण्याची ती वेळ नव्हे.

वऱ्हाडी

फुगण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी अकोल्याचा. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांना टेकते आणि कूलर बंद असलेल्या खोलीत यंत्र डॉकमध्ये लावून खेळले तर बॅटरी त्याहूनही तापते. लिथियम सेल चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते. बरीच यंत्रे त्यापुढे चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. अशा वेळी चार्जर जोडलेला असूनही टक्केवारी ७० च्या पुढे सरकत नाही, आणि नुकतेच अपडेट केले असेल तर संशय त्याच्यावर जातो. उन्हाळ्यात कॅलिब्रेशन करायचे असेल तर पहाटे किंवा कूलरसमोर करावे. भरलेली बॅटरी आणि उष्णता यांची जोडी सेलला सर्वांत वाईट, म्हणून ८० टक्क्यांची मर्यादा आमच्यासारख्यांनी तरी काढून टाकू नये. तेवढ्या फेरीपुरती काढावी आणि लगेच परत लावावी.

टोरांटोकर

आमच्याकडे अगदी उलट. जानेवारीत गाडीत राहिलेले यंत्र घरात आणले की ५० टक्क्यांचे २० टक्के दिसतात आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर आकडा बराचसा परत वर चढतो. थंडीत अंतर्गत रोध वाढतो, सोल्डरगन यांनी मांडलेले गणितच तेथेही लागू होते. शून्याखालच्या सेलला मात्र लगेच चार्जर लावू नये, त्याने आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि क्षमता कायमची घटते.

सह्यकडा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. झाकण सपाट आहे, फट कोठेही नाही. या आठवड्याच्या अखेरीस एक फेरी विश्रांतीसह करतो आणि आकडे कळवतो.

तोवर फर्मवेअरचा प्रश्न पुढे नेतो. नवे अपडेट घेताना यंत्र चार्जर जोडलेला असावा आणि बॅटरी अमुक टक्क्यांहून अधिक असावी अशी अट घालते. आमच्याकडे नाशिकच्या बाहेरच्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, त्यामुळे अपडेटच्या मध्यावर वीज गेली तर बॅटरीवरच सर्व भिस्त. आणि जिच्या आकड्यावर विश्वास नाही, तिच्यावर भिस्त कशी ठेवावी? जुन्या फर्मवेअरवर परत जाण्याचा मार्गही कोणी सांगितलेला नाही.

पेंग्विनप्रेमी

आपण ज्याला ‘अपडेट’ म्हणतो त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची जोखीम अगदी निराळी आहे.

पहिली म्हणजे प्रणाली. स्टीमओएस ३ मध्ये प्रणालीच्या दोन प्रती दोन वेगळ्या विभाजनांत (पार्टिशनांत) ठेवलेल्या असतात. नवी प्रत मोकळ्या विभाजनावर लिहिली जाते आणि ती सुरू झाली नाही तर यंत्र जुन्या प्रतीवर परत येऊ शकते. त्या वेळी वीज गेली तरी फारसे बिघडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बायोस आणि एम्बेडेड कंट्रोलर यांचे फर्मवेअर, जे मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये लिहिले जाते. तेथे दुसरी प्रत असेलच याची खात्री नसते. ते लिहिले जात असतानाची काही मिनिटेच काय ती धोक्याची, आणि बॅटरीची अट घातलेली असते ती त्याच मिनिटांसाठी.

यातूनच एक गैरसमज होतो. प्रणालीची जुनी प्रत निवडली म्हणजे फर्मवेअरही मागे गेले असे लोक धरून चालतात, पण तसे होत नाही. बायोस नवे राहते आणि प्रणाली जुनी होते, आणि ही जोडी कंपनीने तपासलेली असेलच असे नाही. फर्मवेअर मुद्दाम मागे नेण्याची सोय काही यंत्रांत असते, काहींत सुरक्षेच्या कारणाने बंद केलेली असते. तुमच्या बाबतीत मागे जाण्याचा लाभ मात्र दिसत नाही: एम्बेडेड कंट्रोलर पुन्हा एकदा नव्याने सुरू होईल, पुन्हा भाराखालच्या व्होल्टेजवरून अंदाज करील आणि तुम्हाला आणखी एक खोटा आकडा मिळेल.

क्रम उलटा लावा. आधी कॅलिब्रेशन, मग अपडेट. बॅटरी ७०-८० टक्क्यांवर, निवांत व्होल्टेज ७.८ च्या वर, चार्जर हब किंवा डॉकमधून न जोडता थेट यंत्राला जोडलेला, आणि खेळ, डाउनलोड सर्व बंद, अशा स्थितीत फर्मवेअर घ्यावे. लिहिण्याची ती काही मिनिटे काढायला थकलेली बॅटरीही पुरते. आकडा अविश्वसनीय असला तरी निवांत व्होल्टेजवरून एवढी खातरजमा करता येते, आणि माझ्या मते अपडेटच्या वेळी टक्केवारीपेक्षा तोच आकडा पाहावा.

सोल्डरगन

आणि तरीही यंत्र अडकलेच तर पाच-दहा मिनिटे पडदा काळा आहे म्हणून पॉवर बटण दाबून बंद करू नका. माझ्याकडे आलेल्या मृत यंत्रांपैकी बरीचशी मालकांच्या अधीरतेने मेलेली होती. फर्मवेअर लिहिताना पडदा बंद राहणे, पंखा पूर्ण वेगाने फिरणे, यंत्र दोन-तीनदा आपणहून पुन्हा सुरू होणे हे सर्व नेहमीचे आहे.

घरी प्रोग्रामर (चिपवर आज्ञावली लिहिण्याचे उपकरण) आणून फ्लॅश चिप पुन्हा लिहिण्याचे व्हिडिओ पाहून कोणाला उत्साह येत असेल तर एक सावधगिरी सांगतो. या यंत्रांतल्या कित्येक फ्लॅश चिप १.८ व्होल्टच्या असतात आणि बाजारात स्वस्तात मिळणारा सीएच३४१ए प्रोग्रामर ३.३ व्होल्टसाठी असतो, त्याच्या काही बोर्डांवर तर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. अ‍ॅडॉप्टर न लावता जोडला तर चिप जाते आणि जाताना कधी कधी शेजाऱ्यालाही घेऊन जाते. शिवाय जुन्या फर्मवेअरची प्रत आधी काढून ठेवली नसेल तर त्यात साठवलेला यंत्राचा अनुक्रमांक वगैरे माहितीही जाते.

सह्यकडा (धागाकर्ता)

फेरी झाली. आकडे पुढीलप्रमाणे आहेत. पूर्ण क्षमता ३४.६ वरून ३६.१ वॉट-तास झाली, म्हणजे मूळ ४० च्या नव्वद टक्के. हलक्या खेळात आता आकडा सरळ रेषेत उतरतो आणि ५ टक्क्यांवर रीतसर सूचना देऊन यंत्र बंद होते. ३ टक्क्यांवर रेंगाळणे थांबले. सोल्डरगन यांचे निदान मात्र तंतोतंत खरे ठरले: जड खेळात यंत्र अजूनही अचानक काळे होते, फक्त २२ ऐवजी १४ टक्क्यांच्या सुमारास. प्रोसेसरची मर्यादा १५ वरून १० वॉटवर आणली की तोच खेळ ६ टक्क्यांपर्यंत चालतो. त्यानंतर पेंग्विनप्रेमी यांनी सांगितलेल्या क्रमाने फर्मवेअर घेतले. या वेळी टक्केवारी जेमतेम एकाने हलली.

नवा पॅक मागवावा का, हा प्रश्न उरतो. परदेशातल्या एका विक्रेत्याने सुटी बॅटरी भारतात पाठवण्यास नकार दिला.

मिलीओहम

क्षमता वाढली नाही, गेजला ती आता खरी कळली एवढेच. ती पुढे हळूहळू घटणारच आहे.

विक्रेत्याच्या नकारात काही विशेष नाही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास २०१६ पासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानातूनही त्या ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज करून पाठवाव्या लागतात. यंत्रात बसवलेल्या बॅटरीसाठी नियम वेगळे आहेत. स्टीम डेकसारखी यंत्रे भारतात अधिकृतपणे विकलीच जात नसल्यामुळे त्यांच्या मालकांना हा त्रास अधिक होतो.

सोल्डरगन

घाई करू नका. १० वॉटवर समाधान होत असेल तर हा पॅक अजून बराच काळ सेवा देईल.

बदलायची वेळ आली की तीन गोष्टी पाहा. पहिली, नव्या पॅकमध्ये त्याची स्वतःची गेज चिप आहे की गेज मदरबोर्डवर आहे. मदरबोर्डवर असेल तर ते जुन्या थकलेल्या पॅकचे शिकलेले आकडे नव्यालाही लावत राहील आणि विश्रांतीसह एक फेरी केल्याशिवाय ताळ्यावर येणार नाही. दुसरी, ‘मूळ ४० वॉट-तास, आमची ६० वॉट-तास’ अशा जाहिरातींना भुलू नका; त्याच आकाराच्या आणि वजनाच्या पॅकमध्ये दीडपट ऊर्जा बसत नाही, आणि गेजमध्ये खोटी डिझाइन कपॅसिटी लिहिणे अवघड नसते. वजनकाट्यावर ठेवून पाहा. तिसरी, यंत्र उघडण्याआधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवा. ज्या यंत्रांत ती गोंदाने चिकटवलेली असते, तेथे धातूच्या पट्टीने उचकटू नका; आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब कडेने सोडून थांबा आणि प्लास्टिकच्या पट्टीने सावकाश सोडवा. वाकलेली बॅटरी परत वापरू नये.

जुना पॅक घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कोणी घेतच नसेल तर टोकांवर चिकटपट्टी लावून नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

वऱ्हाडी

वजनकाट्याची युक्ती आवडली. धागा वाचनखुणांत साठवला. सोल्डरगन, मदरबोर्डवर गेज असलेल्या यंत्रात नवा पॅक लावल्यावर पहिली फेरी १०० टक्के भरून सुरू करावी की आलेल्या ३० टक्क्यांवरून उतरवून?

सोल्डरगन

भरून. ३० टक्क्यांवर गेजला आधाराला काहीच नसते; पूर्ण भरल्यावर निदान एक टोक पक्के होते.

सह्यकडा (धागाकर्ता)

ठरले तर. तूर्त १० वॉट आणि ८० टक्क्यांची मर्यादा, दिवाळीत पुन्हा एक फेरी. तेव्हाची पूर्ण क्षमता आणि भाराखालचे व्होल्टेज याच धाग्यावर नोंदवीन.